ज्याला खो दिला त्यानं उठावं

जळकोट, ८ जून २०२४

चि. तहरीम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुमाला अजून कोण पत्रं लिहितंय?" मी म्हटलं, "माझी विद्यार्थिनी. पुण्याला असते, मोबाईलचं काम करते." तो म्हणाला, "मग फोन बिघडलाय व्हय तिचा?" त्याला काय सांगावं. शब्द निवडायचं काम कागदावर होतं, फोनवर होत नाही, हे तुला मीच म्हटलं होतं आणि तू ते ऐकलंस.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, वाऱ्यातल्या ज्वारीसारखं एका बाजूला झुकलेलं. ते बघितलं आणि आठवीचा वर्ग डोळ्यांपुढं आला. पत्र्याचं छप्पर, तापलेल्या पत्र्याचा तडतड आवाज, आणि खिडकीबाहेर तुझ्या अब्बांचं शिलाई मशीन. मी कविता म्हणायला लागलो की नबीलालचं मशीन माझ्या चालीवर चालायचं असं मला वाटे. एकदा त्याला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "गुरुजी, उलटंय. तुमचं कडवं लांबलं की माझी शिवण वाकडी जाती."

आता तुझ्या कामाचं. मला समजलं ते असं: ज्या मुलामुलींना जन्माचं दुखणं चिकटलं आहे, त्यांच्यासाठी तुम्ही मोबाईलवर एक जागा करताय. साखर किती, गोळी घेतली का, हे तिथं राहील, आणि त्यातलं कुणाला काय दिसावं हे मुलं स्वतः ठरवतील. त्या ठरवायच्या बटणांना तुला मराठी शब्द हवेत. आमच्या नातीला, गायत्रीला, गेल्या वर्षापासून इन्सुलिन सुरू आहे, दंडावर साखर मोजायची ती टिकली चिकटवलेली असते, म्हणून पहिल्या काही मुलांत तूच तिचं नाव घातलंस.

शब्द मी चवीनं चघळून बघितले. 'गोपनीय'ला तहसील कचेरीतल्या दप्तराचा वास येतो. 'खासगी' म्हटलं की सोलापूरला जाणारी खासगी गाडी दिसते, टपावरसुद्धा माणसं बसलेली. तिच्यात खासगी काय असतं ते कळत नाही. 'गुप्त' तर नकोच, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर त्या शब्दाची फार वाईट संगत आहे. माझं म्हणणं, एका बटणावर साधं 'फक्त मी' लिही. आणि दुसऱ्यावर, जिथं जवळच्यांना दाखवायचं आहे तिथं, लिही 'आपली माणसं'. म्हणून बघ. तोंड भरतं की नाही?

महांतप्पा गुरुजी


पुणे, १९ जून २०२४

आदरणीय गुरुजी,

सलाम. 'आपली माणसं' सगळ्यांना आवडलं. आधी आम्ही 'पालक' लिहिलं होतं, पण एक मुलगा म्हणाला, मला भाजीच दिसते. तुमचा शब्द आला आणि वाद मिटला.

गायत्रीचं उद्या सुरू होईल. ती अठराच्या आतली, म्हणून तिच्या वडिलांना, शिवपुत्रभाऊंना, त्यांच्या फोनवरून एकदा संमती द्यावी लागेल. तुम्हालाही तिचा आकडा दिसेल, तिनं तुमचं नाव स्वतः सांगितलंय.

हे काम करताना मला सारखे तुम्ही का आठवता, याला एक कारण आहे. ते सावकाश लिहीन. अब्बा सलाम सांगतात. आता मशीन चालवत नाहीत, पण कुणाच्या सदऱ्याची शिवण उसवलेली दिसली की त्यांची बोटं वळवळतात.

तुमची
तहरीम


जळकोट, २७ जुलै २०२४

चि. तहरीम,

आशीर्वाद. महिनाभर लिहिलं नाही, कारण सगळं इतकं छान चाललं आहे की लिहायला तक्रारच नव्हती.

शिवपुत्रानं दुकानात बसल्या बसल्या ते बसवून दिलं. मोबाईलनं विचारलं, 'आपली माणसं निवडा'. याच्या फोनात त्याच नावाचा भावकीचा ग्रुप आधीपासून आहे: तामलवाडीचे, नळदुर्गचे, पार अक्कलकोटपर्यंतचे. त्यानं त्याच्यावर बोट ठेवलं आणि काम झालं. किती सोपं केलं आहेस गं.

आणि माणसं तरी कशी. पहिल्याच रविवारी गायत्रीच्या साखरेचा आठवड्याचा गोषवारा सगळ्यांना गेला आणि सोमवारी कस्तुराबाई बाटलीभर कारल्याचा रस घेऊन दारात हजर. माझी चुलत बहीण ती, गुडघे धरून चालते, पण आली. "पोरीला साखर हाय म्हणं. मला कुणी सांगितलं न्हाय, मोबाईलनं सांगितलं," म्हणाली. गायत्री तिला नमस्कार करून आत गेली ती बाहेर आलीच नाही, लाजली असावी. वर्षभर आम्ही कुणाला काही बोललो नव्हतो, एकदाचं मन मोकळं झालं. गायत्रीच्या शाळेत खो-खो शिकवणारा विरेश भावकीतलाच. त्यानंही आपण होऊन तिला नऊ जणींतून काढून राखीवमध्ये बसवलं, म्हणाला, जिवाला जपू दे. माझ्या लहानपणी गावात एकाला ताप आला की चार घरांतून पेज यायची. ते दिवस परत आले असं वाटलं.

आता सर्वांत गोड बातमी. आषाढीपासून बघतोय, गायत्रीची साखर एकशे बारावर थांबली आहे. सकाळी बघावं, एकशे बारा. जेवण झाल्यावर बघावं, एकशे बारा. पूर्वी कशी खालीवर उड्या मारायची. आता एखाद्या पक्क्या वृत्तासारखी, एक मात्रा कमी नाही की जास्त नाही. मेडिकलवाल्या अमरनाथला दाखवलं, तर तो पडदा वरखाली सरकवून म्हणाला, "गुरुजी, डॉक्टरला विचारा एकदा." त्याचा धंदा बुडेल ना.

तुझ्या कामाला यश आलं. लेकरांचं भलं होईल.

महांतप्पा गुरुजी


पुणे, १ ऑगस्ट २०२४

आदरणीय गुरुजी,

सलाम. तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. स्पीडपोस्टानं उत्तर धाडतेय.

दोन गोष्टी. पहिली ही की आमच्या बांधणीत एक मोठी चूक राहिली आहे, ती आमची आहे, तुमची नाही आणि शिवपुत्रभाऊंचीही नाही. दुसरी, माझी एक विनंती ऐका. तो आकडा बघू नका. मोबाईल कपाटात ठेवा आणि गायत्रीजवळ जाऊन बसा. काही विचारू नका, नुसतं बसा. याहून जास्त मला लिहिता येत नाही. का येत नाही तेही लिहिता येत नाही. रागावू नका.

त्याऐवजी ते कारण लिहिते, जे सावकाश लिहीन म्हणाले होते. आठवीत असताना मला फिट यायची. पडायची नाही मी, नुसती थांबायची. डोळे उघडे, समोर तुम्ही, आणि मधल्या चार ओळी गायब. सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या अब्बा बटणांच्या डबीत लपवून ठेवायचे, कारण कळलं तर मुली शेजारी बसणार नाहीत आणि पुढं निकाहालाही अडचण. वर्गात कविता चालू असताना मी तशी थांबले की तुम्ही टेबलावर बोटं वाजवून म्हणायचात, "पुन्हा एकदा, सगळ्यांनी." सगळा वर्ग तेच कडवं पुन्हा म्हणायचा आणि तेवढ्यात मी परत यायची. मला सुटलेल्या ओळी मिळायच्या. कुणाचं लक्ष जायचं नाही. तुम्ही मला कधी एका शब्दानं विचारलं नाही, अम्मीअब्बांना बोलावलं नाही. आज इथं मी मोबाईलच्या पडद्यावर जे करू बघते, ते तुम्ही दोन बोटांनी करत होतात.

म्हणून म्हणते, जवळ बसा.

तहरीम


जळकोट, ९ ऑगस्ट २०२४

तहरीमआपा,

नमस्कार. तुमी त्या दिवशी फोनवर म्हणालात की बोलताना रडू येत असेल तर लिहून पाठव, म्हणून अज्जांचाच कागद घेतलाय. शुद्धलेखन चुकलं तर त्यांना सांगू नका.

तुमी अज्जांना काही सांगितलं नाही, थँक्यू. ते एकशे बारा मी त्यांना बघणाऱ्यांच्या यादीतून काढून टाकलं त्या दिवशीचं आहे. तेवढंच त्यांच्या फोनवर अडकून बसलंय. मला वाटलं काढलं की पान कोरं होईल. त्यांना खुश बघून मलाच चोरासारखं वाटतंय.

सगळ्यांनाच काढलं मी. काय करू? ग्रुपवर माझी साखर आली आणि खाली लोकांनी हात जोडलेले टाकले, जसं कोण वारल्यावर टाकतात. एका काकूनं लिहिलं, आत्ताच स्थळ बघून ठेवा, नंतर कोण करील. विरेश सर म्हणाले, तू बस, मी बघतो. ते काय बघतात? सिलेक्शन सप्टेंबरात आहे. बसून राहिले तर मला कोण घेणार?

अज्जांना काढताना लई वाईट वाटलं. पण आपा, ते मोठ्यानं वाचतात. त्यांना मनात वाचताच येत नाही. मेडिकलमध्ये, मठात, पारावर, "आज आमची गायत्री एकशे चाळीस, काल दोनशे दहा होती," असं चालीवर म्हणतात. त्यांना वाटतं कौतुक आहे. रस्त्यात पोरं मला "काय गं दोनशे दहा" म्हणतात.

आईला मी रोज तोंडानं सांगते, डॉक्टरांकडं पण दिसतंय, तेवढी काळजी करू नका. पण मागल्या गुरुवारी सरावात हात थरथरायला लागले. शाळेच्या टाकीमागं जाऊन गूळ खाल्ला. आमच्या टीममधली वर्षाराणी मागून आली, म्हणाली, "एकटीच काय चरतीस गं चोरून?" मग सांगितलं तिला. मला वाटलं तोंड वाकडं करील. ती म्हणाली, "आदी सांगायचं की येडे. मी खिशात ठिवते गूळ. मला कळणार कसं कधी द्यायचा ते सांग." तिला नुसतं सांगितलं तर मैदानावर काय दिसणार, म्हणून मोबाईलवर तिचं नाव घातलं. पण तिथं 'आपली माणसं' एवढंच येतं. ती माझ्यात एकटीच हाय, माणसं कुठली?

मला काय वाटतं सांगू? ते खो-खोसारखं पाहिजे. आठ जणी ओळीनं बसलेल्या असतात, पण मी जिच्या पाठीला हात लावून खो म्हणेन तिनंच उठायचं. बाकीच्यांनी बसून राहायचं. उगंच उठलं तर फाऊल. त्यांना कुणी वाईट म्हणत नाही, त्या पण टीममध्येच असतात.

अज्जांना मीच सांगीन. जरा थांबा.

गायत्री


जळकोट, १८ ऑगस्ट २०२४

चि. तहरीम,

आशीर्वाद. तू सांगितलंस तसा जाऊन बसत होतो. गायत्री पायाला पट्टी गुंडाळत असायची, मी पायरीवर. मला न बोलता बसायची सवय नाही, पण जमवलं. काल ती पट्टीकडं बघतच म्हणाली, "अज्जा, तुमी मोठ्यानं वाचता." आणि मग सगळं सांगितलं. एकशे बाराचंही.

मी उठून परसात गेलो. पन्नास वर्षं मुलांना ओरडून सांगत आलो, कविता मनातल्या मनात वाचू नका, ओठ हलले पाहिजेत, शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. तेच तोंड घेऊन मी लेकराची साखर गावभर वाचत फिरलो. माझी बायको चन्नम्मा मागून आली. तिला वाटलं मी आता जाऊन पोरीला समजावणार, कविता ऐकवणार. कानडीत म्हणाली, "सुम्मनिर्री." म्हणजे गप बसा. चन्नम्मा फार मोठं बोलत नाही, पण कानडीत बोलली की मी ऐकतो.

तो शब्द माझाच. मला वाटलं 'आपली माणसं' म्हणजे चूल, चार जण आणि कंदील. आमच्या लहानपणी तेवढीच असायची, किंवा आज मला तसं आठवतं. आपल्या भागात त्या शब्दानं भावकी कळते, जात कळते, हे मी मराठी शिकवणारा माणूस विसरून गेलो. शिवपुत्राचं काय चुकलं? त्यानं शब्दाचा खरा अर्थ घेतला. काल त्यानं ग्रुपवर लिहिलं की ते चुकून गेलं, पुन्हा विचारू नये. कस्तुराबाईचा फोन आला, "म्या काय परकी हाय व्हय?" ती परकी नाहीच, हीच तर अडचण.

आता तुझ्या फिटबद्दल. तहरीम, तुझं ते पत्र मी चन्नम्मालाही दाखवलं नाही. पण तुला खोटं लिहिता येणार नाही. मला तुझ्या दुखण्याचं काहीसुद्धा माहीत नव्हतं. मी कडवं पुन्हा म्हणायला लावायचो, कारण मला ते आवडायचं. आवडलं की पुन्हा, आणखी आवडलं की तिसऱ्यांदा. नबीलालच्या शिवणीची जशी वाट लागायची तशी अभ्यासक्रमाचीही लागायची. तू परत यायचीस ती नशिबानं. मी नव्हतो गं त्यात.

गायत्रीनं खोचं सांगितलं. मी म्हटलं, मराठीत 'खो घालणे' म्हणजे कामात अडथळा आणणे. ती म्हणाली, "अज्जा, घालायचा नसतो, द्यायचा असतो."

महांतप्पा


पुणे, १४ सप्टेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,

सलाम. तुम्हाला माहीत नव्हतं हे वाचून दिवसभर खट्टू होते. इतकी वर्षं मी मनात एक गुरुजी बाळगले होते ज्यांना सगळं दिसत होतं आणि जे बोलत नव्हते. संध्याकाळी अब्बांना फोनवर सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "बेटा, गुरुजींना कवितेपुढं कधी खिडकी दिसली नाही, तू कुठून दिसणार?" मग मलाही हसू आलं. तरी गुरुजी, मला ओळी मिळत होत्या ना. त्या मी परत देणार नाही.

तुमचं सत्तावीस जुलैचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी गायत्रीला फोन केला होता. ती सुखरूप आहे एवढं कळलं, आणि अज्जांना सांगू नका असं तिनं म्हटलं. म्हणून तुम्हाला तसं अर्धवट लिहिलं. तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं वाटलं, पण दुसरं जमलं नसतं.

आता इथलं. 'आपली माणसं' काढलं. ग्रुप निवडायची सोयच काढली. आता मुलानं एकेक नाव घ्यायचं आणि त्याला 'खो द्या' हे बटण दाबायचं. पुण्यातले काही जण कुरकुरले, हा काय शब्द आहे म्हणाले. चाचणीतल्या मुलांना मात्र समजावून सांगावं लागलं नाही.

खरा वाद झाला तो दुसऱ्यावर. ज्याला काढलं त्याच्या पडद्यावर काय दिसावं? एक जण म्हणाला, काही कळू नये, जुना आकडा राहू दे, घरात भांडण नको. मी एकशे बाराची गोष्ट सांगितली, नावं न घेता. खोटा आकडा बघून एखादा आजोबा निर्धास्त झोपेल आणि तिकडं पोरगी टाकीमागं गूळ शोधत असेल. शेवटी ठरलं: आकडा जाईल, आणि तिथं एवढंच येईल, 'आता इथं काही दिसणार नाही. काळजी वाटली तर समोर बसून बोला.' कारण लिहायचं नाही. ही ओळ तुम्ही तपासून द्या.

एक विचारू? तिनं तुम्हाला पुन्हा खो दिला का? मला इथून ते दिसत नाही, आणि दिसावं अशी सोय मी ठेवलेलीही नाही.

तहरीम


जळकोट, २० ऑक्टोबर २०२४

चि. तहरीम,

आशीर्वाद. ओळ ठीक आहे, बदलू नकोस. माझ्या मोबाईलवर रोज तीच दिसते, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खो तिनं दोघींना दिला आहे, आईला आणि वर्षाराणीला.

सिलेक्शनच्या आधी ती विरेशकडं स्वतः गेली. मला येऊ दिलं नाही. बाहेर चपलांजवळ उभा राहून कान देत होतो, तेवढा मी अजून सुधारलो नाही. ती म्हणाली, "सर, माझी साखर मी बघते. तुमी माझा खेळ बघा. पळताना मागं राहिले तर काढा, मी काही म्हणणार नाही." विरेशनं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "उद्या सहाला ये. उशीर झाला तर मैदानाला पाच फेऱ्या, साखरबिखर काही ऐकणार नाही." परत येताना ती उड्या मारत चालत होती.

परवा धाराशिवला जिल्ह्याचे सामने झाले. मी धोतर सावरत पहाटेच्या एस.टी.नं गेलो. तहरीम, ती लाल माती, चुन्याच्या रेघा, तो पाठीवर थाप पडताना येणारा शब्द. आमच्या वेळी खांब बाभळीचे असायचे. गायत्रीनं एका पाळीत दोघींना बाद केलं. एकदा खेळ थांबला असताना वर्षाराणीनं मोबाईलकडं बघितलं आणि खिशातून काहीतरी काढून तिच्या हातात ठेवलं. माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं हो त्या पोरीला?" मी म्हटलं, "तहान लागली असेल." असं मी आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोललो असेन.

उपांत्य सामना एका गुणानं हरलो. पोरी रडल्या आणि मग भजी खायला गेल्या.

उन्हं कलताना परतीची गाडी मिळाली. गायत्री खिडकीकडून माझ्याकडं सरकली आणि बेंबळीचा फाटा यायच्या आधीच माझ्या खांद्यावर झोपली. मोबाईल तिच्या सैल पडलेल्या हातात होता. मध्येच तो उजळला. आकडा असणार, माझ्या गुडघ्यापाशीच होता. वर्षाराणी मागच्या बाकावर होती. तिनं तिचा मोबाईल बघितला, मला म्हणाली, "काय न्हाय अज्जा, झोपू द्या तिला."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. सोयाबीन काढलेली रानं होती, कडेला तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. खांदा अवघडला तरी जळकोटपर्यंत हलवला नाही.

तुझा
महांतप्पा